दोर कुठे काचतो

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका दुपारी मांडव्याहून मुंबईकडे परतत असताना आमच्या 22 फुटी होडीच्या मोठ्या शिडाची एक शिवण, डोलकाठीच्या साधारण निम्म्या उंचीवर, हातभर उसवली. वारा वायव्येचा होता आणि 12-13 नॉटांपलीकडे नव्हता. त्या शिडाने याहून कितीतरी जोराचा वारा आधी सोसलेला होता. माझे शालक सुकाणूवर होते आणि मी शीट, म्हणजे शीड आवळण्याचा दोर, हातात धरून बसलो होतो. नवे मांजरपाट फाडताना येतो तसा एकच आवाज झाला आणि शिडातून पलीकडचे आकाश दिसू लागले. आम्ही ते शीड उतरवले आणि पुढच्या लहान शिडावर, शेवटी इंजिनावर, गेटवेसमोरच्या आमच्या जागी पोहोचलो. कोणाला इजा झाली नाही. मला मात्र एका गोष्टीचा उलगडा होईना. वाऱ्यावर चढत, म्हणजे वारा समोरून घेत, येताना मोठे शीड होडीच्या मध्यरेषेजवळ आवळलेले असते, आणि जिथे शिवण उसवली त्या जागेला त्या वेळी कशाचाही स्पर्श होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शालकांच्या इमारतीच्या गच्चीवर शीड पसरले, तेव्हा कारण समजले. उसवलेल्या शिवणीभोवती, शिडाच्या फक्त डाव्या अंगाला, तळहाताएवढा करडा-काळा डाग होता. ॲल्युमिनियमवर कापड घासले की त्या धातूचा ऑक्साइड असाच काळपट उतरतो. डोलकाठीच्या निम्म्या उंचीवर दोन्ही बाजूंना जे आडवे हात असतात, ज्यांना स्प्रेडर म्हणतात आणि जे बाजूच्या तारांना डोलकाठीपासून दूर धरतात, ते आमच्या होडीवर ॲल्युमिनियमचे आहेत. मांडव्याला जाताना वारा उजवीकडून, पाठीमागून येत होता. बूम, म्हणजे मोठ्या शिडाचा तळ धरणारी आडवी काठी, पूर्ण डावीकडे सोडलेली होती आणि शीड डाव्या स्प्रेडरच्या टोकावर टेकले होते. बूमला खाली ओढून धरणारा व्हँगचा दोर आम्ही सैल ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक लाटेबरोबर बूम वरखाली होत होती आणि शीड त्या टोकावर करवतीसारखे फिरत होते. मिनिटाला 15 हेलकावे धरले तरी अडीच तासांत सव्वादोन हजार वेळा ते घासले गेले. धागे जाताना कापले गेले होते. येताना ताण आला आणि ते सुटले, एवढेच.

मराठीत याला नेमका शब्द आहे: काचणे. दोर काचतो, बैलाची मान जोखडाखाली काचते, नवी चप्पल पायाला काचते. माझ्या आजोळच्या वाड्यातल्या विहिरीच्या दगडी काठाला पोहऱ्याच्या दोराने बोटभर खोल खाचा पडलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्याच विहिरीच्या दुसऱ्या अंगाला रहाट होता आणि तिथला काठ कोरा होता. दोरही तिकडचा अधिक वर्षे टिके. शीड फाटल्यावर ती विहीर मला वारंवार आठवू लागली, कारण होडीवर या प्रश्नाचा विचार करताना मी आजवर फक्त दोर जाड घेण्याचा आणि कापड जाड लावण्याचा विचार करत आलो होतो. घासणारी हालचाल थांबवता येईल का, किंवा घासण्याऐवजी काहीतरी फिरेल अशी व्यवस्था करता येईल का, हे मी विचारलेच नव्हते.

मी मूळचा इंदूरचा. नोकरीची 22 वर्षे मुंबईत गेली, त्या काळात ही होडी शालकांबरोबर भागीत घेतली, आणि निवृत्तीनंतर रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी परतलो. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्या आठ महिन्यांत मी चार-पाच वेळा अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस मुंबईत येतो, त्याआधी होडी उचलून जमिनीवर ठेवायची आणि डोलकाठी उतरवायची असते. एरवी शिडे आणि दोर शालकांच्या घरातल्या माळ्यावर चार महिने पडून राहत. या वेळी मी ते सगळे इंदूरला आणायचे ठरवले. इंदूरला समुद्र नाही, पण मोठा दिवाणखाना आहे, गच्ची आहे, ताडपत्री शिवणारे आहेत आणि चामड्याची जात बोटाने ओळखणारे कारागीर आहेत.

शिडे उतरवण्यापूर्वी, मेच्या शेवटच्या रविवारी, आम्ही एक प्रयोग केला आणि पुढचे सगळे काम त्यावर उभे राहिले. शाळेचा निळा खडू पाण्यात भिजवून त्याची दाट पेस्ट केली, लांब बांबूला फडके बांधून ती दोन्ही स्प्रेडरच्या टोकांना, बाजूच्या तारांना, होडीच्या पुढच्या कठड्याच्या नळ्यांना आणि टर्नबकलांना, म्हणजे तारा ताणण्याच्या स्क्रूंना, फासली. मग फाटक्या जागी तात्पुरती चिकटपट्टी लावलेले शीड चढवून, हलक्या वाऱ्यात, होडी सगळ्या दिशांनी फिरवली: वारा समोरून, बाजूने, पाठीमागून, दोन्ही अंगांनी. परत येऊन पाहिले तर जिथे जिथे काही लागत होते तिथे तिथे शिडावर निळे ठसे उमटलेले होते. आम्हाला तीन जागा अपेक्षित होत्या. ठसे नऊ जागी होते. पुढच्या शिडाचा तळ कठड्याच्या नळीवर घासतो हे माहीत होते, पण त्याच शिडाचा मागचा काठ होडी वळवताना उजव्या स्प्रेडरला चाटून जातो, हे इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते. प्रत्येक ठशाभोवती पेन्सिलने वर्तुळ काढले, छायाचित्र घेतले आणि मगच शिडांची घडी केली. हे क्रमाने केले नसते तर इंदूरला येऊन धुतल्यावर ठसेही गेले असते आणि जागाही अंदाजाने ठरवाव्या लागल्या असत्या.

डोलकाठी आडवी केल्यावर आणखी एक तपासणी केली. कापसाचा बोळा घेऊन तो प्रत्येक तारेवरून, स्प्रेडरच्या कडांवरून, डोलकाठीच्या शेंड्याच्या कप्पीवरून सावकाश फिरवायचा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे एखादी बोथट न झालेली कड किंवा तारेचा तुटलेला पेड असतो. हे काम उघड्या हाताने कधीच करू नये, कारण स्टीलच्या तारेचा सुटलेला पेड सुईपेक्षा वाईट लागतो. आमच्या तारा निर्दोष निघाल्या. शेंड्याच्या कप्पीने मात्र कापूस धरला. ती कप्पी मिठाने जाम झालेली होती, फिरत नव्हती, आणि शीड वर ओढण्याचा दोर, म्हणजे हॅलियार्ड, वर्षभर तिच्यावरून फिरण्याऐवजी सरपटत होता. विहिरीचा दगडी काठ आमच्याच डोलकाठीच्या शेंड्यावर तयार झालेला होता. कप्पी काढून कोमट पाण्यात भिजवली, आस साफ केला, आणि खाचेची एक कड बारीक पॉलिश पेपरने गोल केली. एकूण अर्ध्या तासाचे काम होते.

इंदूरला आल्यावर पहिले काम धुण्याचे. नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, म्हणून नळाच्या दिवशी सकाळी मोठ्या टपात दोर भिजत घालायचे, दुपारी पाणी बदलायचे, असे तीन खेपा केले. मिठाचे स्फटिक दोराच्या पेडांत बसतात आणि दोर वाकला की आतून धागे कापतात. बाहेरून चांगला दिसणारा दोर हाताला कडक लागतो तो यामुळेच. साबण अगदी सौम्य वापरला आणि सुकवताना दोर व शिडे सावलीत पसरली, कारण ऊन पॉलिएस्टरला आणि त्याहून अधिक नायलॉनला खाते. सौभाग्यवतींनी गच्चीवरची पापडांची जागा या कामासाठी दहा दिवस सोडून दिली, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो.

धुऊन झाल्यावर प्रत्येक दोर मी दिवाणखान्यात, खिडकीच्या उजेडात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहिला, आणि ही दोन दिवसांची बैठक मला सर्वांत अधिक शिकवून गेली. झीज एकसारखी दिसत नाही. सगळीकडून सारखी, बारीक, मऊ लव आलेली असेल तर ती साध्या वापराची खूण असते. अशी लव खालच्या धाग्यांना थोडे संरक्षणच देते, ती जाळून काढू नये. एकाच अंगाला धागे तुटलेले असतील तर तिथे एखादी धार आहे. दोर चपटा आणि चकचकीत झालेला असेल तर तो ताणाखाली घासून तापलेला आहे. तांबूस ठिपका असेल तर गंजलेली पिन शोधावी, काळा असेल तर ॲल्युमिनियम. हॅलियार्डवर, बरोबर जिथे शीड पूर्ण चढल्यावर दोर शेंड्याच्या कप्पीवर बसतो तिथे, चार बोटे लांबीचा चपटा, काळा पट्टा होता आणि बाहेरच्या वेणीतून आतला गाभा पांढरा डोकावत होता. बाकीचा सगळा दोर उत्तम होता. शीड चढले की हॅलियार्ड नेहमी त्याच जागी थांबतो, म्हणून एकच जागा मरते. तो दोर बदलावा लागला, पण नवा 8 मिलिमीटरचा दोर घेताना दीड मीटर जास्त घेतला. आता दर हंगामाच्या शेवटी शिडाकडच्या टोकाचे वीतभर कापायचे आणि गाठ पुन्हा बांधायची, म्हणजे कप्पीवर बसणारी जागा पुढे सरकते. शीटचे दोर तर टोके उलटी करून लावले की अर्धे आयुष्य वाढते.

सर्वांत गंभीर गोष्ट मुरिंगच्या दोराची निघाली, आणि ती आम्ही सुरक्षित समजत होतो. होडी बोयाला 16 मिलिमीटरच्या तिपेडी नायलॉनने बांधलेली असते. गेटवेसमोर दिवसभर लाँचींची ये-जा असते, त्यांच्या लाटांनी लहान होड्या सतत डोलत राहतात आणि हा दोर नाकावरच्या धातूच्या खोबणीतून अखंड पुढेमागे होतो. त्यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी दोरावर बागेच्या हिरव्या नळीचा हातभर तुकडा चढवला होता. नळी शाबूत दिसत होती, म्हणून आतला दोर कोणी पाहिला नव्हता. दिवाणखान्यात ती नळी कटरने उभी चिरली. आतले तीन पेड एका जागी एकमेकांना चिकटून कडक झालेले होते. नखाने टकटक केल्यावर प्लास्टिकच्या बटणासारखा आवाज येत होता, आणि थोडे वाकवताच तो गठ्ठा कडकन मोडला. नायलॉन ताणाखाली बराच लांबतो, म्हणूनच तो झटके पचवतो. पण लांबण्या-आखडण्यात तो आतून तापतो, आणि घट्ट नळीत समुद्राचे पाणी पोहोचत नसल्यामुळे तो थंड होत नाही. आम्ही घातलेले संरक्षणच दोराला मारत होते. एक रात्र जरी जोराच्या वाऱ्याची आली असती तर होडी खडकांवर गेली असती, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

त्यावर दोन उपाय केले. खोबणीतून जाणारा भाग आता नायलॉनचा नाही, कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टरचा आहे, आणि झटके पचवणारे नायलॉन त्याच्या पुढे, पाण्यात आहे. दोर खोबणीत लांबतच नसेल तर तिथली करवत मुळात चालत नाही. आणि नळीऐवजी विणलेल्या कापडाची सैल बाही घातली. लोहामंडीच्या अंगाला एका भंगारवाल्याकडे अग्निशामक बंबाचा जुना कापडी होज मिळाला. त्याच्या आतले रबर सोलून काढले आणि बाहेरची जाड विणलेली नळी हातभर कापून घेतली. तिच्यातून पाणी आरपार जाते. दोन्ही टोकांना भोके पाडून, मेणदोऱ्याने ती दोराच्या पेडांतून ओवून बांधली, म्हणजे ती सरकणार नाही. सरकलेली बाही ही नसलेल्या बाहीपेक्षा वाईट, कारण मन निर्धास्त राहते.

शिडांच्या शिवणकामासाठी मालवा मिलच्या भागातल्या एका ताडपत्रीवाल्या काकांकडे गेलो. ते मराठी, सत्तरीच्या पुढचे, आणि ट्रकच्या ताडपत्र्या व मंडपाचे कापड शिवण्यात आयुष्य घालवलेले. शीड त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ ते कापड नुसते बोटांत चोळत राहिले, मग शिवणीवर अंगठ्याचे नख दाबून आडवे ओढले. दोन टाके तुटले.

“कापड चांगलं आहे, भाऊसाहेब,” ते म्हणाले, “दोरा मेलाय.”

त्यांनी एका वाक्यात जे सांगितले ते शिडांबाबत पूर्ण खरे आहे. पूर्वीच्या सुती शिडांत कापड मऊ असल्यामुळे टाका कापडात रुतून बसत असे. आजचे पॉलिएस्टरचे शीड कागदासारखे कडक असते. टाका त्यात बुडत नाही, वर उभा राहतो, आणि जे काही घासते ते आधी दोऱ्याला लागते. त्यातच ऊन बारीक दोऱ्याला कापडाच्या आधी खाते. म्हणून शीड तपासताना कापड नव्हे, शिवण तपासावी, आणि नखाने तुटणारा टाका दिसला तर ती सगळी ओळ पुन्हा शिवून घ्यावी. आम्ही मोठ्या शिडाच्या चार आणि पुढच्या शिडाच्या दोन शिवणी जाड पॉलिएस्टर दोऱ्याने, नागमोडी टाक्याने, जुन्या भोकांच्या शेजारून पुन्हा शिवल्या.

मग पेन्सिलच्या वर्तुळांवर पट्ट्या लावायचे काम. या पट्ट्या झिजण्यासाठीच असतात. शिडाऐवजी त्यांनी मरायचे. शिडाचेच जुने कापड मी शालकांकडून आणले होते. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागल्या: पट्टीचे उभे-आडवे धागे शिडाच्या धाग्यांच्या दिशेलाच बसले पाहिजेत, नाहीतर ताणाखाली चुण्या पडतात, पट्टीचे कोपरे गोल कापले पाहिजेत, कारण टोकदार कोपरा पहिला उचकटतो, आणि शिवताना शीड जमिनीवर सपाट ताणलेले असले पाहिजे. तिसऱ्या गोष्टीसाठी काकांनी दुकानाच्या मागची शेड रिकामी करून दिली आणि आम्ही दोघे चवड्यांवर बसून, दुतर्फा चिकटपट्टीने पट्ट्या जागेवर बसवत गेलो. शिवायला घेण्यापूर्वी त्यांनी विचारले:

“ही पट्टी फाटायलाच लावायची ना?”

“हो काका. दोन-तीन वर्षांनी बदलायची.”

“मग निळ्या दोऱ्यानं शिवतो. दोरा गेला की तुम्हाला खालून, उभ्या उभ्या दिसेल. पांढऱ्यावर पांढरं कोण बघतंय?”

ही युक्ती मी कुठे वाचलेली नव्हती. स्प्रेडरजवळची पट्टी डोक्यावर चार मीटर उंच असते आणि तिथली झीज खालून कळत नाही, हीच तर आमची मूळ अडचण होती. ताडपत्रीच्या धंद्यातल्या माणसाने ती एका दोऱ्याच्या रंगाने सोडवली.

पट्टी शिडाला वाचवते, पण स्प्रेडरचे टोक तसेच टोकदार राहते. ते मऊ करायचे होते. त्यासाठी दुकानात रबराच्या टोप्या मिळतात. आमच्या जुन्या टोप्या उन्हाने भेगाळून पडल्या होत्या. मला चामडे हवे होते. इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, आणि त्या घोड्या-हत्तींच्या पायांवर, शेपटीवर, कानांच्या मुडपीवर चामडे ज्या सफाईने बसवलेले असते ते पाहिलेल्या माणसाला स्प्रेडरचे टोक अवघड वाटू नये. ज्या कारागिरांकडे मी गेलो त्यांनी खेळण्याचे पातळ कातडे या कामाला नाकारले आणि म्हशीचे, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, तेल मुरवलेले चामडे आणायला सांगितले. चामडे दोन्ही दिशांना ओढून पाहून, जिकडे ते अधिक ताणते ती दिशा त्यांनी टोकाच्या लांबीत ठेवली, घेराभोवती नाही; घेराभोवती ठेवली असती तर टोपी महिन्याभरात सैल झाली असती. घेर मोजून त्याहून चार मिलिमीटर कमी रुंदीचा तुकडा कापला, रापीने कडा तासून पातळ केल्या, आणि आरीने दोन्ही कडांना समोरासमोर, सारख्या अंतरावर भोके पाडली.

अडचण अशी की स्प्रेडरच्या टोकातून बाजूची तार जाते, म्हणून टोपी इंदूरला शिवून नेता येत नव्हती; डोलकाठी उभी करण्याच्या वेळी, तार जागेवर बसल्यावरच ती शिवायला हवी होती. मग त्यांनी मला काठीच्या तुकड्यावर शिकवले. चामडे तासभर पाण्यात भिजवायचे, ओलेच गुंडाळायचे, दोन सुया घेऊन बुटाच्या नाडीसारखा आडवातिडवा टाका घालत प्रत्येक टाक्याला दोन्ही कडा एकमेकींना भिडेपर्यंत ओढायचे. कडा भिडत नाहीत असे वाटते, पण ओले चामडे येते. सुकले की ते आखडते आणि साल झाडाला बसते तसे घट्ट बसते. माझ्या पहिल्या दोन टोप्या त्यांनी उसवायला लावल्या, तिसरी ठेवली. निघताना मीच विचारले म्हणून त्यांनी टोपीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक पाडले, कारण चामड्याखाली खारे पाणी अडकून राहिले तर आतले ॲल्युमिनियम आणि स्टीलची तार दोन्ही गंजतात.

बाजूच्या तारांचा प्रश्न सोपा निघाला. पुढच्या शिडाचा शीट वळताना तारांवर घासतो. इथे मला विहिरीचा रहाट करायचा होता. शेतीच्या दुकानातून ठिबक सिंचनाची 16 मिलिमीटरची काळी नळी आणली, मीटरभराचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा उभा चिरला. 4 मिलिमीटरच्या तारेवर तो बोटांनी उघडून बसवला की आपोआप मिटतो, टर्नबकलवर टेकून उभा राहतो आणि शीट लागला की तारेभोवती फिरतो. ही नळी काळी असते ती काजळीमुळे, आणि तीच काजळी तिला उन्हात टिकवते. ती सैल असणे आवश्यक आहे. घट्ट नळीखाली स्टेनलेस स्टील हवेविना राहते आणि खाऱ्या पाण्यात आतल्या आत कुजते. टर्नबकलांच्या पिनांची टोके मागे वळवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली.

राहिला टॉपिंग लिफ्ट, म्हणजे बूमचे मागचे टोक उचलून धरणारा दोर, जो मोठ्या शिडाच्या मागच्या काठावर सतत फटके मारतो. जुन्या जहाजांवर अशा ठिकाणी जुन्या दोराच्या तंतूंची झुबकेदार गुंडाळी लावत. ती करायची मला हौस होती. मंडपाचा जुना सुती दोर उकलून त्याचे वीतभराचे तुकडे केले, दोन सुतळ्या खिडकीच्या गजाला ताणून बांधल्या, आणि प्रत्येक तुकडा मध्यावर दुमडून, त्या दोन सुतळ्यांवरून घेऊन टोके मधून खाली ओढायची, पुढचा तुकडा त्याला भिडवायचा, असे काम सुरू केले. सौभाग्यवती थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा तर गजरा आहे.” त्यानंतर त्यांनी माझ्या तिप्पट वेगाने आणि कितीतरी दाट विणला. साडेतीन मीटरची झालर दोरावर मळसूत्रासारखी गुंडाळल्यावर हातभर लांबीचा मऊ गोंडा तयार झाला. तो अतिशय सुंदर दिसत होता, पण माझा अनुभव स्पष्ट सांगतो: मुंबईच्या हवेतली काजळी धरून तो दोन महिन्यांत काळा झाला, समुद्रावरच्या दमट हवेत सुकेना, आणि शिडाला डाग पाडू लागला. डिसेंबरात तो काढून एक लवचिक दोरी लावली, जी टॉपिंग लिफ्टला शिडापासून मागे खेचून धरते. दोर शिडाला लागतच नाही, मग मऊ करण्याचा प्रश्न उरत नाही.

ऑक्टोबरात होडी पाण्यात उतरली. चामड्याच्या टोप्या मी यार्डात, बादलीत भिजवून शिवल्या. शालक तार धरून उभे होते आणि “दाजी, अजून एक टाका ओढा” असे दर टाक्याला सांगत होते. त्या हंगामात आम्ही एक शिस्त पाळली. पाठीमागून वारा असला की बूम पूर्ण बाहेर न सोडता, शीड स्प्रेडरपासून वीतभर सुटे राहील इतकीच सोडायची आणि व्हँग घट्ट ओढायचा. वेग थोडा कमी होतो. मांडव्याला पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे अधिक लागली, ती आम्ही दिली. मुरिंगची बाही दर खेपेला बाजूला सारून आतल्या दोरावरून बोट फिरवायचे, हे शालकांनी इतक्या निष्ठेने केले की एप्रिलमध्ये त्यांनी मला फोनवर सांगितले, दोर अजून नव्यासारखा मऊ आहे.

या जूनमध्ये शिडे पुन्हा इंदूरला आली आहेत आणि दिवाणखान्यात पसरलेली आहेत. स्प्रेडरच्या उजव्या पट्टीवरचा निळा दोरा जसाच्या तसा आहे. डाव्या पट्टीवरचा दोन बोटे गेला आहे, कारण आमची प्रत्येक सफर दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यावर मांडव्याकडेच असते आणि शीड दर वेळी त्याच अंगाला कलते. पट्टीखालचे कापड मात्र स्वच्छ आहे. पुढच्या शिडाच्या तळाशी, जिथे मागच्या वर्षी निळा ठसा नव्हता, तिथे तांबूस ठिपक्यांची एक ओळ दिसते आहे. ठिपके चार आहेत आणि त्यांच्यातले अंतर सव्वा हाताचे आहे. कठड्याच्या कोणत्या खांबाच्या पिना त्या अंतरावर आहेत ते मोजून कळवायला शालकांना सांगितले आहे. तोवर डावी पट्टी काढून मी उद्या सकाळी काकांकडे नेणार आहे.